समाजकार्यात पगारी नोकरी: शोधापासून नेमणूकपत्रापर्यंत

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) नुकतंच झालेली, बीकॉम करून बँकेच्या परीक्षांना कंटाळलेली, पुण्यातली आयटीची नोकरी सोडू बघणारी अशी बरीच मुलंमुली मला विचारतात, "ताई, लोकांच्या उपयोगाचं काम करायचंय, पण घरही चालवायचंय. सुरुवात कुठून करू?" मी मराठवाड्यातल्या एका संस्थेत प्रकल्प समन्वयक आहे. त्याआधी बरीच वर्षं गावोगाव फिरून फील्डचं काम केलं. आता नव्या लोकांच्या मुलाखती घ्यायलाही बसते, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू माहीत आहेत.

पगाराचं विचारलं की माणसात सेवाभाव कमी, असं आपल्याकडे अजूनही समजलं जातं. मला हे अजिबात पटत नाही. वेळेवर पगार मिळणारा कार्यकर्ता एका भागात टिकतो, आणि गावाला टिकणाऱ्या माणसाचाच उपयोग होतो. दर सहा महिन्यांनी माणूस बदलला की बचत गटातल्या बायकांना तीच माहिती नव्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते. म्हणून पैशाचे प्रश्न सुरुवातीलाच आणि न लाजता विचारा.

१. आधी वहीत तीन उत्तरं लिहा

महिन्याला हातात किती पैसे लागतात? खोलीभाडं, घरी पाठवायची रक्कम, शैक्षणिक कर्जाचा हप्ता, पेट्रोल, सगळं धरून आकडा काढा. मुलाखतीत अपेक्षा विचारतात तेव्हा "तुम्ही द्याल ते" म्हणणाऱ्याला खरोखरच तेवढंच मिळतं.

कुठे राहायची तयारी आहे? धडगाव, भामरागड, धारणी अशा दुर्गम आदिवासी भागात राहणार, की तालुक्याच्या गावी, की मुंबई-पुण्यातच? शहरात आकडा मोठा दिसतो, पण भाड्यात बराच जातो. तालुक्याला कमी पगारातही शिल्लक पडते.

विषय कुठला? "समाजासाठी काहीतरी करायचं आहे" एवढंच लिहिलेला अर्ज आमच्याकडे मागे पडतो, कारण त्या माणसाला कुठे घ्यायचं तेच कळत नाही. "बालकुपोषण, शक्यतो मेळघाटात" असं लिहिलं असेल तर पुढे बोलता येतं.

२. तुमचा पगार कुठून येणार ते समजून घ्या

नवे लोक हा भाग सोडून देतात आणि पुढे सगळं इथेच अडतं. संस्थेतला तुमचा पगार बहुतेक वेळा एखाद्या प्रकल्पाच्या बजेटमधल्या एका ओळीतून येतो. तो प्रकल्प संपला की ती ओळ संपते, मग काम कितीही चांगलं असो. म्हणून पैशाचे मुख्य मार्ग माहीत हवेत.

सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक जबाबदारी म्हणून द्यायचा निधी: कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे नक्त मूल्य (नेट वर्थ) ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एकही मर्यादा गाठणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. याचे तुमच्यावर दोन थेट परिणाम होतात. एक म्हणजे कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावं असं कायदाच सांगतो. त्यामुळे चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी, तारापूर अशा औद्योगिक पट्ट्यांच्या आसपासच्या गावांत कामं जास्त निघतात, आणि कारखाना नसलेला तालुका कितीही गरजू असला तरी मागे राहतो. दुसरं, सगळं एप्रिल ते मार्च या वर्षाला बांधलेलं असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये संस्थांत प्रकल्पांच्या करारांच्या नूतनीकरणाची धाकधूक असते, आणि नवे करार झाल्यावर, म्हणजे एप्रिल ते जुलैमध्ये, भरती जोरात होते.

परदेशी निधी: हा एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचं नियमन करणाऱ्या कायद्याखाली येतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर या निधीतला जास्तीत जास्त २० टक्के भाग प्रशासकीय खर्चावर वापरता येतो, आधी ही मर्यादा ५० टक्के होती. शिवाय एका संस्थेला आलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवायला बंदी आली. मोठ्या संस्थांच्या आधाराने चालणाऱ्या लहान ग्रामीण संस्थांची त्याने फार ओढाताण झाली. पद परदेशी निधीतलं असेल तर संस्थेची एफसीआरए नोंदणी कधीपर्यंत वैध आहे, हे विचारा. ती पाच वर्षांची असते.

सरकारी अभियानं: 'उमेद', म्हणजे महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान, महिला आर्थिक विकास महामंडळ अर्थात माविम, राष्ट्रीय आरोग्य अभियान. इथलं काम थेट गावपातळीवरचं आणि मोठ्या व्याप्तीचं असतं. पण बरीच पदं कंत्राटी असतात, काही बाहेरच्या मनुष्यबळ एजन्सीमार्फत भरली जातात. नेमणूकपत्रावर अभियानाचं नाव आहे की एजन्सीचं, ते नीट बघा. पगार अडला तर दाद कुणाकडे मागायची, ते त्यावर ठरतं.

स्वतःच्या उत्पन्नावर चालणाऱ्या संस्था: या जागा नव्या लोकांच्या डोळ्यांसमोर येतच नाहीत. पुण्यातली 'स्वच्छ' ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था नागरिकांकडून मिळणाऱ्या मासिक शुल्कावर चालते. म्हसवडची माणदेशी महिला सहकारी बँक १९९७ पासून बँक म्हणून काम करते. अशा ठिकाणी हिशेब, समन्वय, प्रशिक्षण, तक्रारनिवारण अशी पदं असतात आणि ती एखाद्या देणगीदाराच्या एका निर्णयावर लटकलेली नसतात.

३. समाजकार्याची पदवी लागतेच का?

नाही. समुपदेशक, बालसंरक्षण अशा काही पदांना एमएसडब्ल्यू मागतात. बाकी ठिकाणी टॅली येणारा अकाउंटंट, एक्सेल आणि कोबो टूलबॉक्स (सर्वेक्षणाची माहिती गोळा करायचं साधन) हाताळणारा एमआयएसचा, म्हणजे माहितीच्या नोंदी सांभाळणारा माणूस, मराठी-इंग्रजी दोन्हींत अहवाल लिहिणारी व्यक्ती, नर्स, कृषी पदवीधर, सिव्हिल इंजिनिअर हे सगळे लागतात. चांगला अकाउंटंट मिळत नाही म्हणून रडणाऱ्या संस्था मी फार पाहिल्या आहेत.

शिकायचंच असेल तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे मुंबई आणि तुळजापूर परिसर, मुंबईचं निर्मला निकेतन, पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था, बंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ ही ओळखीची नावं आहेत. कर्ज काढून शिकण्याआधी हप्ता आणि सुरुवातीचा पगार शेजारी शेजारी लिहून बघा.

४. अनुभव नसेल तर फेलोशिप

अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, यातून सुटण्याचा हा बरा मार्ग आहे. दर महिन्याला पैसे मिळतात, प्रशिक्षण होतं आणि फील्ड कळतं.

- एसबीआय यूथ फॉर इंडिया: १३ महिने, ग्रामीण भागात, भागीदार संस्थांबरोबर काम.
- टीच फॉर इंडिया: दोन वर्षं पूर्णवेळ शिकवणं, आपल्याकडे मुंबई आणि पुण्यात.
- गांधी फेलोशिप: दोन वर्षं, सरकारी शाळा आणि जिल्हा यंत्रणेबरोबर.
- मुख्यमंत्री फेलोशिप: राज्य सरकारची, प्रशासनात बसून काम. वयाची अट २१ ते २६ राहिलेली आहे, पण त्या वर्षीची जाहिरात वाचूनच अर्ज करा.

गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ मध्ये 'निर्माण' सुरू केलं. ती नोकरी देणारी योजना नाही, तरुणांची शिबिरं आहेत. पण शोधग्राम या 'सर्च'च्या परिसरातल्या शिबिरात भेटलेल्या मुलामुलींचं जाळं पुढे काम शोधताना फार उपयोगी पडतं.

फेलोशिप घेताना एवढं विचारा: राहायची सोय कुणाची, प्रवासखर्च वेगळा मिळतो का, आणि मधेच सोडलं तर पैसे परत मागतात का.

'आधी वर्षभर स्वयंसेवक म्हणून या, मग बघू' असं कुणी म्हणालं तर थांबा. पंधरा दिवस-महिना काम बघायला जाणं ठीक आहे. पूर्णवेळ काम करून घ्यायचं आणि पैसे द्यायचे नाहीत, ही सोय फक्त घरून पैसे मिळणाऱ्यांना परवडते. ऊसतोड कामगाराच्या मुलीला ती परवडत नाही, आणि तिचीच या क्षेत्राला जास्त गरज आहे.

५. जाहिराती कुठे बघायच्या

डेवनेट जॉब्स इंडिया, एनजीओबॉक्स, अर्थन आणि लिंक्डइन रोज चाळा. सरकारी अभियानांच्या जागा जिल्हा परिषदेच्या आणि जिल्ह्याच्या अधिकृत संकेतस्थळांवर येतात. पण फील्डची बरीच पदं जाहिरातीपर्यंत पोचतच नाहीत, ती व्हॉट्सॲपच्या गटांत आणि ओळखीत भरली जातात. म्हणून ज्या जिल्ह्यात काम करायचं आहे तिथल्या दोन-चार संस्थांत जाऊन भेटा. फोनवर 'जागा आहे का' विचारलं की 'नाही' उत्तर येतं. समोर बसून 'मला तुमचं पाणलोटाचं काम बघायचं आहे' म्हटलं की चहा येतो आणि बोलणं सुरू होतं.

इथला सापळा सरळ आहे. 'अमुक राष्ट्रीय मिशन'च्या नावाने तालुका समन्वयकाच्या शेकडो जागा, बारावी पास, आकर्षक पगार आणि नोंदणी शुल्क एवढं एवढं. नाव सरकारी योजनेसारखं आणि लोगोत अशोकस्तंभासारखं काहीतरी असतं. सरकारी भरतीत परीक्षा शुल्क असू शकतं, पण ते अधिकृत संकेतस्थळावरच भरायचं असतं. कुठलीही खरी संस्था मुलाखतीसाठी, प्रशिक्षणासाठी किंवा ओळखपत्रासाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाही.

६. संस्थेची कुंडली बघा

आपल्याकडे संस्था साधारणपणे सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असते, नाहीतर कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची, म्हणजे नफा वाटून न घेणारी कंपनी असते. नोंदणी क्रमांक मागा, नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवर नाव शोधा, संस्थेच्या संकेतस्थळावरून मागच्या तीन वर्षांचे वार्षिक आणि लेखापरीक्षण अहवाल उतरवून घ्या.

अहवालातले फोटो नंतर बघा. आधी उत्पन्न-खर्चाचं पान उघडा. उत्पन्नाच्या बाजूला देणगीदारांची नावं किंवा अनुदानाची शीर्षकं असतात. तिथे एकच मोठी रक्कम असेल आणि बाकी सगळं किरकोळ असेल, तर एक कंपनी निघून गेली की अर्धी संस्था बंद पडते. मग खर्चाच्या बाजूला पगाराची किंवा मानधनाची रक्कम तिन्ही वर्षांत कशी बदलली ते बघा. एका वर्षी ती एकदम निम्म्यावर आली असेल तर त्या वर्षी माणसं कमी केली आहेत. का, ते मुलाखतीत विचारा. शेवटी देणी बघा. तिथे 'देय वेतन', म्हणजे द्यायचा राहिलेला पगार म्हणून मोठी रक्कम दिसली तर पगार थकतात का, याची चौकशी हवीच.

कागदानंतर माणसं. तिथून सोडून गेलेल्या दोघांशी तरी बोला. 'संस्था कशी आहे' असं विचारू नका, उत्तर गुळमुळीत येतं. 'पगार कुठल्या तारखेला व्हायचा? शेवटचा हिशेब किती दिवसांत मिळाला?' असं विचारा.

७. अर्ज

बायोडेटा दोन पानांचा. मराठी संस्थेला मराठीत पत्र लिहिलं तर चालतं, किंबहुना आवडतं. इंग्रजीत जाहिरात असेल तर इंग्रजीत. पत्रात स्वतःबद्दलची विशेषणं नकोत, केलेलं काम हवं. मी ज्या उमेदवाराला लगेच फोन केला, तिच्या पत्राचा मजकूर साधारण असा होता:

"माझ्या गावात मी दोन वर्षं बचत गटाची वही लिहिते. कर्जाचे हप्ते, दंड, बँकेची नोंद हे सगळं मला येतं. दुचाकी चालवते, परवाना आहे. तुमच्या जाहिरातीत दहा गावं लिहिली आहेत, त्यांतली चार माझ्या माहितीची आहेत. अहवाल लिहायला शिकायचं आहे."

येतं काय आणि शिकायचं काय, दोन्ही यात आहे. 'लहानपणापासून समाजसेवेची आवड' असं सुरू होणारं पत्र मात्र दिवसाला दहा येतात.

जवळ ठेवायची कागदपत्रं:

- आधार, पॅन, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत
- दहावीपासूनच्या गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र
- अनुभवाची पत्रं, स्वयंसेवक म्हणून केलेल्या कामाचीसुद्धा
- दुचाकीचा परवाना
- जुना पीएफ असेल तर यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक)
- दोन संदर्भ व्यक्तींची नावं, त्यांना आधी विचारून
- सरकारी भरतीसाठी अधिवास, जातीचा दाखला, एमएस-सीआयटी
- लिहिलेला एखादा अहवाल किंवा केलेल्या सर्वेक्षणाचा नमुना

मूळ कागद दाखवा, पण ठेवून देऊ नका. 'वर्षभर आमच्याकडे राहतील' म्हणणाऱ्या ठिकाणी कामालाच जाऊ नका.

८. मुलाखत, आणि त्याआधी एक दिवस गावात

मुलाखतीत बहुधा एखादा प्रसंग देतात. सरपंच बैठक होऊ देत नाही, काय कराल? गटाचा पैसा अध्यक्षाने वापरला, काय कराल? आदर्श उत्तर शोधू नका. आधी कुणाशी बोलाल आणि कुणाला विचाराल ते क्रमाने सांगा. भाषाही विचारतील. मेळघाटात कोरकू, भामरागडात माडिया, नंदुरबारच्या डोंगरात पावरी आणि भिली बोलली जाते. येत नसेल तर शिकण्याची तयारी खरी असेल तरच सांगा.

शक्य असेल तर नोकरी स्वीकारण्याआधी त्यांच्या फील्डच्या माणसाबरोबर एक दिवस फिरण्याची परवानगी मागा. बैठकीत कोपऱ्यात बसा आणि बघा. बायका त्या कार्यकर्त्याला नावाने हाक मारतात का? त्याला अडवून प्रश्न विचारतात का, की मान डोलावून फोटोपुरत्या बसतात? हजेरीच्या रजिस्टरवर सह्या बैठकीनंतर होतात, की आधीच झालेल्या असतात? परत येताना गाडीवर त्या कार्यकर्त्याला विचारा, मागच्या महिन्याचं पेट्रोल मिळालं का. त्या दिवशी जे कळतं ते मुलाखतीच्या तासाभरात कळत नाही.

मुलाखतीच्या शेवटी 'काही विचारायचं आहे?' म्हणतात तेव्हा हे विचारा: हे पद कुठल्या प्रकल्पातून आहे, निधी कुणाचा आहे, करार कधी संपतो, आणि त्यानंतर या पदाचं मागच्या वेळी काय झालं होतं. चांगली संस्था सरळ उत्तर देते. विचारलं म्हणून कुणाला राग आला, तर तिथे पुढे काय होणार ते तुम्हाला आत्ताच कळलं.

९. नेमणूकपत्र वाचून मगच सही

वेतन की मानधन: 'कन्सल्टंट' किंवा 'मानधन' असं लिहिलं असेल तर बहुतेक वेळा पीएफ नसतो, पगारी रजा नसते आणि साधारण १० टक्के टीडीएस (आधीच कापला जाणारा आयकर) कापला जातो. उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो, म्हणून विवरणपत्र भराच. वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पीएफ लागू होतो.

हातात किती: मोठा आकडा सांगताना संस्थेचा पीएफचा वाटाही कधी कधी त्यातच धरलेला असतो. कापून हातात किती येणार, ते कागदावर घ्या.

प्रवास: फील्डच्या नोकरीत अर्धा जीव गाडीवर असतो. किलोमीटरला किती, महिन्याची कमाल मर्यादा किती, पैसे पगारासोबत की बिल मंजूर झाल्यावर, हे लिहून घ्या. दोन-दोन महिने स्वतःच्या खिशातून पेट्रोल घालणारे कार्यकर्ते मी पाहिले आहेत. अपघात विमा आहे का, हेही विचारा. पावसाळ्यात घाटरस्त्याने एकट्याने फिरणाऱ्या माणसाचा विमा नसणं मला अक्षम्य वाटतं.

सुरक्षितता: दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर लैंगिक छळ प्रतिबंधासाठी २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती असावीच लागते. समितीतल्या सदस्यांची नावं विचारा. मुलींनी रात्रीच्या बैठकांनंतर परतण्याची काय सोय आहे, तेही विचारावं.

आणि सगळ्यांत वाईट सापळा: खात्यावर पूर्ण पगार जमा होतो, पण त्यातला काही भाग रोख परत द्यायला सांगतात, किंवा 'संस्थेला देणगी' म्हणून कापून घेतात. कोऱ्या व्हाउचरवर सह्या घेणं हा त्याचाच भाऊ. माझ्या ओळखीच्या एका मुलाने अशा एका संस्थेत दीड वर्ष काढलं. घरची अडचण होती आणि बोललो तर नोकरी जाईल ही भीती. हे बेकायदेशीर आहे आणि निधी देणाऱ्याचीही फसवणूक आहे. पहिल्याच महिन्यात असं काही दिसलं तर दुसरी नोकरी शोधायला लागा. खात्याचे तपशील आणि मेसेज जपून ठेवा, तक्रार करायची वेळ आली तर तेच कामी येतात.

१०. प्रकल्प संपत आला की

करार ३१ मार्चला संपणार असेल तर जानेवारीतच समन्वयकाला नूतनीकरणाचं विचारा. 'होईल हो' हे उत्तर धरू नका, देणगीदाराचं पत्र आलं का ते विचारा. आलं नसेल तर अर्ज पाठवायला सुरुवात करा. यात संस्थेशी गद्दारी काही नाही, संस्थेलाही तुमची परिस्थिती कळत असते.

जाण्याआधी अनुभवपत्र घ्या. त्यात फक्त तारखा नकोत, किती गावं, किती गट, कुठली जबाबदारी हे लिहून मागा. शेवटचा प्रवासखर्च आणि राहिलेल्या रजांचा हिशेब लेखी घ्या. पीएफ काढून टाकू नका, नव्या ठिकाणी त्याच यूएएनवर वर्ग करून घ्या. आणि गावातल्या नोंदी, गटांच्या वह्यांची यादी, अर्धवट राहिलेली कर्जप्रकरणं, कुठल्या आशाताईचा फोन कुठल्या गावासाठी, हे सगळं एका फाइलमध्ये लिहून पुढच्या माणसाच्या हातात द्या. पुढचा माणूस अजून नेमलेला नसेल तर एक प्रत गटाच्या अध्यक्षाकडे ठेवा.